चिखलाखालचे शिसे : पाण्यात बुडालेल्या मातीत विषारी धातूंचे काय होते?

मे महिन्यात खानदेशातल्या एखाद्या आटलेल्या तलावाकाठी उभे राहिले की एक दृश्य हमखास दिसते. पोकलेन गाळ उपसत असतो, ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग लागलेली असते आणि भरलेली ट्रॉली बांधावरून हेलकावत शिवाराकडे निघालेली असते. हलक्या, मुरमाड रानावर तलावातला गाळ पसरला की ओल टिकते, कापूस तग धरतो, हे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. २०१७ मध्ये राज्य सरकारने ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना सुरू केली आणि २०२३ मध्ये ती नव्याने हाती घेतली. तलावाची साठवण वाढते आणि रानाची माती सुधारते, असा या योजनेचा दुहेरी लाभ आहे.

त्याच काठावर आणखी एक गोष्ट पाहण्यासारखी असते. पोकलेनने नुकत्याच कापलेल्या गाळाची कड काळी-निळसर असते आणि तिला कुजक्या अंड्यासारखा वास येतो. दोन-तीन दिवसांनी तिथेच गेलो, तर तीच कड तपकिरी झालेली आणि वास उडालेला आढळतो. गाळ तोच, जागा तीच. मग रंग का बदलला? या प्रश्नाचे उत्तर शोधताना आपण एका महत्त्वाच्या विषयापर्यंत पोहोचतो. पाण्याखालच्या मातीत शिसे, कॅडमियम, क्रोमियम, पारा आणि आर्सेनिक कसे वागतात आणि ती माती कोरडी झाल्यावर त्यांचे वागणे कसे बदलते, हा तो विषय. शहराजवळच्या तलावाचा गाळ शेतात नेणाऱ्या प्रत्येकाने तो समजून घ्यायला हवा.

धातू कुजत नाही

कीटकनाशक जमिनीत पडले तर काही आठवड्यांत, काही वर्षांत, पण कधी तरी त्याचे तुकडे होतात. धातूचे तसे होत नाही. शिसे हे मूलद्रव्य आहे. जिवाणूंनी कितीही खटपट केली तरी शिशाचे दुसरे काही होत नाही. मातीत आलेले शिसे मातीतच राहते, पाण्याबरोबर वाहून जाते किंवा पिकात जाते. चौथी वाट नाही.

मात्र ते कोणत्या रूपात आहे यावर सारे अवलंबून असते. आपल्या परिचयाचे उदाहरण हिंगुळाचे. हिंगूळ म्हणजे पारा आणि गंधक यांचे संयुग. ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, म्हणून मूळ धातूइतके ते शरीरात सहज शोषले जात नाही. तोच पारा दुसऱ्या रूपात गेला तर मज्जासंस्था उद्ध्वस्त करतो. म्हणजे ‘मातीत धातू किती आहे’ हा अर्धाच प्रश्न झाला. ‘तो कोणत्या रूपात बांधलेला आहे आणि कशाने सुटेल’ हा उरलेला अर्धा.

आपल्या मातीत हे धातू येतात कुठून? पहिला स्रोत आपल्या पायाखालीच आहे. खानदेशची काळी माती बेसाल्ट खडकापासून झालेली आहे. या खडकात लोह आणि मँगनीज भरपूर, शिवाय तांबे, जस्त, निकेल, क्रोमियमही मूळचेच असतात. ते बहुतेक खनिजांच्या जाळीत घट्ट अडकलेले असतात. त्यांना प्रदूषण म्हणता येत नाही. दुसरे स्रोत माणसाचे : शहरांचे सांडपाणी, औद्योगिक वसाहतींतील धातुकाम आणि मुलामा देण्याचे उद्योग, जुन्या बॅटऱ्या, रंग, औष्णिक वीजकेंद्राची राख, फॉस्फेट खतांबरोबर अल्प प्रमाणात येणारे कॅडमियम, तांबेयुक्त बुरशीनाशके. गणपती विसर्जनाबरोबर मूर्तींचे रंगही तलावात उतरतात. घरगुती आणि सजावटीच्या रंगांत शिशाचे प्रमाण दहा लाखांत ९० भागांपेक्षा जास्त नसावे, असा नियम भारतात नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. पण त्याआधीच्या अनेक वर्षांत जो रंग पाण्यात गेला, त्यातले शिसे कोणत्याही नियमाने गाळातून बाहेर निघत नाही.

बुडालेल्या मातीचा श्वास

कोरड्या, भुसभुशीत मातीच्या पोकळ्यांत हवा खेळत असते. मातीतले असंख्य जिवाणू त्या हवेतला प्राणवायू वापरून पालापाचोळा, मुळे, शेण यांचे विघटन करतात. पाणी साचले की पोकळ्या भरतात. पाण्यातून प्राणवायू हवेच्या तुलनेत सुमारे दहा हजार पट सावकाश पसरतो. त्यामुळे आत उरलेला साठा काही तासांत किंवा फार तर एक-दोन दिवसांत संपतो.

पण जिवाणू थांबत नाहीत. आपल्याकडे उन्हाळ्यात नळाचे पाणी गेले की विहीर, विहीर आटली की टँकर, असा क्रम लागतो. तसाच क्रम तिथेही लागतो. प्राणवायू संपला की जिवाणू त्याच्या जागी नायट्रेट वापरतात. ते संपले की मँगनीजचे ऑक्साइड, मग लोहाचे ऑक्साइड, त्यानंतर सल्फेट आणि अगदी शेवटी कार्बन डायऑक्साइड. या शेवटच्या टप्प्यात मिथेन तयार होतो, म्हणून तळाचा गाळ ढवळला की बुडबुडे येतात. ही उतरंड विद्युत दाबाने मोजता येते. हवेशीर मातीत तो अधिक ४०० ते ७०० मिलिव्होल्ट असतो, तर खोल, सेंद्रिय गाळात उणे २०० च्याही खाली जातो. श्रीलंकेचे मृदाशास्त्रज्ञ एफ. एन. पोन्नमपेरुमा यांनी फिलिपाइन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेत हा विषय आयुष्यभर अभ्यासला. बुडालेल्या मातीच्या रसायनशास्त्रावरचा त्यांचा १९७२ सालचा प्रबंध आजही या विषयाचा पाया मानला जातो.

हे घरीही पाहता येते. काचेच्या बरणीत काळी माती घ्यावी, चमचाभर गूळ आणि थोडी प्लास्टर ऑफ पॅरिसची भुकटी मिसळावी, वर चार बोटे पाणी ठेवावे, झाकण सैल ठेवून बरणी अंगणात सावलीत ठेवावी. दोन-तीन आठवड्यांत खालची माती काळीकुट्ट होते आणि पाण्याला टेकलेला अगदी पातळ थर तेवढा तपकिरी राहतो. गूळ म्हणजे जिवाणूंचे अन्न, आणि प्लास्टर म्हणजे कॅल्शियम सल्फेट. सल्फेटपासून जिवाणू सल्फाइड बनवतात; त्याचाच तो कुजका वास. सल्फाइड लोहाशी जोडले गेले की काळा रंग येतो. तलावात विरघळणाऱ्या प्लास्टरच्या मूर्ती आणि शहराचे सांडपाणी मिळून नेमके हेच दोन घटक पुरवतात, एक सल्फेट आणि दुसरा अन्न. तलावकाठच्या काळ्या गाळाचे कोडे इथे सुटते.

काही सुटतात, काही अडकतात

आता या उतरंडीत विषारी धातू घालून पाहू. प्रत्येकाची वाट वेगळी आहे.

लोहाचे ऑक्साइड म्हणजे मातीतला तांबूस-तपकिरी गंज. याच्या पृष्ठभागावर आर्सेनिक, म्हणजे आपला जुना सोमल, घट्ट चिकटून बसतो. पाण्याखाली जिवाणूंनी हा गंज विरघळवला की त्यावर बसलेले आर्सेनिक पाण्यात मोकळे होते. पश्चिम बंगालमध्ये १९८३ च्या सुमारास कोलकात्याचे त्वचारोगतज्ज्ञ डॉ. के. सी. साहा यांच्याकडे हातापायांवर चट्टे उठलेले रुग्ण येऊ लागले. त्यामागे कूपनलिकांच्या पाण्यातले आर्सेनिक होते. तिथे कोणी कारखान्याने आर्सेनिक ओतले नव्हते. गंगेच्या गाळात नैसर्गिकपणे असलेले आर्सेनिक सेंद्रिय पदार्थयुक्त, प्राणवायूविना असलेल्या थरांत लोहाबरोबर सुटले, हेच स्पष्टीकरण आज बहुतेक अभ्यासक मानतात. म्हणजे आर्सेनिकच्या बाबतीत पाणी साचणे हे सुटकेचे कारण आहे.

कॅडमियम, शिसे, जस्त, तांबे यांचे उलटे. सुरुवातीला लोह-मँगनीजचे ऑक्साइड विरघळताना तेही थोडे सुटतात, पण सल्फाइड तयार होऊ लागले की ते त्याच्याशी जोडले जाऊन खाली बसतात. कॅडमियम सल्फाइड, शिशाचे सल्फाइड ही हिंगुळाचीच भावंडे. पाण्यात जवळजवळ न विरघळणारी. म्हणून तळाशी असा गाळ असलेल्या तलावाचे वरचे पाणी तपासले तर ते अनेकदा निर्धोक निघते. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात शिसे लिटरला ०.०१ मिलिग्रॅम आणि कॅडमियम ०.००३ मिलिग्रॅम यापेक्षा जास्त चालत नाही. पाणी या कसोटीला उतरूही शकते. पण त्यावरून गाळ स्वच्छ आहे असे ठरत नाही. धातू गेलेले नसतात, कुलूपबंद झालेले असतात.

क्रोमियमला पाण्याखालची माती चांगली मानवते. कर्करोगकारक, पाण्यात सहज फिरणारे सहा संयुजेचे क्रोमियम तिथे तीन संयुजेचे बनते आणि मातीला चिकटून बसते.

पाऱ्याची गोष्ट मात्र वेगळी आणि वाईट. सल्फेट आणि लोह वापरणारे काही जिवाणू अजैविक पाऱ्याचा मिथिल पारा करतात. तो सूक्ष्म जिवांतून लहान माशांत, लहान माशांतून मोठ्या माशांत वाढत जातो. जपानमध्ये मिनामाता येथे १९५६ साली अधिकृतपणे नोंदवलेला आजार मिथिल पाऱ्यानेच झाला होता. तिथे तो कारखान्यातूनच थेट समुद्रात आला होता, पण पाणथळ गाळात तो जागच्या जागी तयार होऊ शकतो, हे नंतरच्या संशोधनातून दिसले. जिथे पाणी वारंवार चढते-उतरते, तिथे ही क्रिया विशेष होते.

काळ्या मातीचा स्वभाव

ही सारी सूत्रे जगभर एक असली, तरी खानदेशच्या मातीत त्यांचे गणित थोडे बदलते.

आपली काळी माती अल्कधर्मी आहे. सामू बहुधा ७.५ ते ८.५. तिच्यात चुनखडीचे खडे असतात आणि फुगणारी चिकणमाती भरपूर असते. शिसे, कॅडमियम यांना अशी माती मुळातच धरून ठेवते. पुढे सल्फाइडचे विघटन होताना आम्ल तयार होते, तेही चुनखडी बरेचसे मारून टाकते. केरळातल्या कुट्टनाडच्या आम्लधर्मी भातखाचरांत ही सोय नाही. त्यामुळे तिथे जो धोका मोठा ठरेल, तो आपल्याकडे काहीसा सौम्य होतो. ही दिलाशाची बाजू.

दुसरी बाजूही आहे. पाणी साचले की अल्कधर्मी मातीचा सामू ७ कडे उतरतो आणि चुन्याशी बांधलेले धातू थोडे सैल होतात. शिवाय ज्या मातीने शिसे धरले, तीच आर्सेनिक आणि सहा संयुजेचे क्रोमियम यांना तितकेसे धरत नाही. अल्कधर्मी पाण्यात ते अधिक सहज फिरतात. बेसाल्टी मातीत मँगनीजचे ऑक्साइड पुष्कळ असते आणि हवेशीर स्थितीत ते तीन संयुजेच्या क्रोमियमला पुन्हा सहा संयुजेचे बनवू शकते. म्हणजे पाण्याखाली झालेला सुधार कोरड्यात काही अंशी फिरू शकतो.

तिसरी गोष्ट भेगांची. मे महिन्यात काळ्या रानाला हातभर खोल भेगा पडतात. त्यांतून हवा खोल जाते आणि पहिल्या वळवाचे पाणीही मातीतून न मुरता थेट भेगांतून खाली उतरते. पाटाच्या पाण्याने चिबड झालेल्या जमिनीतही वर्षातून एकदा तरी ओल-वाळीचा हा फेरा होतोच. आपल्याकडे माती सदाची बुडालेली नसते आणि सदाची कोरडीही नसते. कुलूप लागते आणि उघडते, पुन्हा लागते.

कुलूप उघडते तेव्हा

काळी कड तपकिरी होते, तेव्हा लोहाचे सल्फाइड हवेत ऑक्साइड बनत असते. त्याच्यापाठोपाठ, काही दिवसांपासून काही आठवड्यांत, कॅडमियम आणि जस्ताची सल्फाइडेही फुटू लागतात. सुटलेला धातू काही प्रमाणात नव्याने तयार झालेल्या गंजावर आणि चिकणमातीवर बसतो, तर उरलेला मातीच्या ओलीत, म्हणजे मुळांच्या हाताशी येतो.

याचा सर्वात दुःखद धडा जपानच्या तोयामा भागातला. कामिओका खाणीतून कॅडमियम जिन्झू नदीत आणि नदीतून भातखाचरांत गेले. वर्षानुवर्षे तो भात खाल्लेल्यांची, विशेषतः वयस्क स्त्रियांची, मूत्रपिंडे निकामी झाली, हाडे ठिसूळ होऊन साध्या हालचालीने मोडू लागली. वेदनेच्या हुंकारावरूनच त्या आजाराला ‘इताई-इताई’ हे नाव पडले. १९६८ मध्ये जपान सरकारने त्याचे कारण कॅडमियम असल्याचे मान्य केले. पुढे तिथल्या शेतकऱ्यांना सल्ला देण्यात आला, की भाताला लोंब्या येण्याच्या आधी आणि नंतर सुमारे तीन-तीन आठवडे खाचरात पाणी उभे ठेवावे. कारण पाणी असेपर्यंत कॅडमियम सल्फाइडमध्ये अडकून राहते.

पण आर्सेनिक असलेल्या जमिनीत हाच सल्ला उलटा पडतो. तिथे अधूनमधून खाचर सुकवावे लागते. एकाच वेळी दोन्ही धातू असतील तर शेतकरी कात्रीत सापडतो. साक्री तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यात, पिंपळनेर परिसरात भात होतो. पण बाकीच्या खानदेशात कापूस, केळी, ज्वारी, मका आणि भाजीपाला. ही सारी हवेशीर जमिनीतली पिके. म्हणजे तलावाचा गाळ आपल्या रानात आला की त्याचे कुलूप उघडणार हे गृहीतच धरायला हवे.

राखेचे वेगळे गणित

भुसावळजवळच्या दीपनगर औष्णिक वीजकेंद्राची राख पाण्यात कालवून वेल्हाळे येथील बंडात सोडली जाते. राखेच्या बंडातही माती बुडालेलीच असते, तर तिथेही धातू अडकतील, असे वाटू शकते. पण राखेत जिवाणूंना अन्न जवळपास नसते. अन्न नाही तर श्वास नाही, आणि श्वास नाही तर सल्फाइडही नाही. राखेचे पाणी बहुधा अल्कधर्मी असते. त्यात बोरॉन, सेलेनियम, आर्सेनिक यांसारखे घटक विरघळून फिरू शकतात. म्हणून राखेच्या बंडाखालच्या आणि भोवतीच्या विहिरींचे पाणी तपासणे हाच तिथला खरा उपाय. सेंद्रिय गाळाला लागू होणारा दिलासा राखेला देता येत नाही. केंद्राच्या डिसेंबर २०२१ च्या अधिसूचनेनुसार वीजकेंद्रांनी आपली सर्व राख उपयोगात आणायची आहे. त्यात शेतीसाठी राख वापरताना हा फरक ध्यानात राहावा.

ट्रॉली भरण्यापूर्वी

आता पुन्हा तलावाकाठी येऊ. एका एकरावर दोन इंच गाळ पसरायचा म्हटला तर साधारण २०० घनमीटर, म्हणजे सुमारे २४० टन गाळ लागतो. समजा त्यात किलोमागे १०० मिलिग्रॅम शिसे असेल, तर त्या एका एकरात २४ किलो शिसे जाऊन पडेल. हे उदाहरणादाखलचे गणित आहे, कोणत्या तलावाची मोजणी नव्हे. पण एक गोष्ट त्यातून स्पष्ट होते. पसरलेला गाळ वखराने मातीत मिसळला की परत गोळा करता येत नाही. चूक दुरुस्त करण्याची वेळ ट्रॉली भरण्यापूर्वीच असते.

‘आमच्याकडे मृदा आरोग्य पत्रिका आहे’ असे अनेक शेतकरी बंधू सांगतात. २०१५ पासून मिळणाऱ्या या पत्रिकेत १२ घटक असतात : नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबे, मँगनीज, बोरॉन, सामू, क्षारता आणि सेंद्रिय कर्ब. खतमात्रा ठरवायला ती उपयोगी आहे. पण शिसे, कॅडमियम, क्रोमियम, आर्सेनिक, पारा यांपैकी एकही त्यात नाही. ती तपासणी स्वतंत्रपणे मागावी लागते.

माझ्या मते पुढील क्रम सोपा आणि पुरेसा आहे.

आधी गाळ कुठला ते पाहावे. ज्या पाझर तलावाच्या पाणलोटात फक्त डोंगर, कुरण आणि शेती आहे, त्याचा गाळ निःशंक न्यावा. तो खरोखर मोलाचा आहे. जळगावचा मेहरूण असो की आणखी कुठल्या शहराकाठचा तलाव, जिथे विसर्जन होते, गटारे उतरतात किंवा औद्योगिक वसाहतीचा नाला मिळतो, तिथे आधी तपासणी आणि मग ट्रॉली.

नमुना एकाच ठिकाणचा नसावा. विसर्जनाचा काठ, नाल्याचे मुख आणि तलावाचा मध्य अशा तीन ठिकाणी, वरच्या व खालच्या थराचे वेगळे नमुने घ्यावेत. बाजूच्या निर्दोष काळ्या रानाचा एक नमुनाही द्यावा. बेसाल्टमध्ये क्रोमियम, निकेल, तांबे मूळचेच असल्याने तुलना नसेल तर आकडा पाहून एक तर उगाच घाबरायला होते, नाही तर उगाच निर्धास्त.

प्रयोगशाळेकडून दोन आकडे मागावेत : एकूण धातू आणि पिकाला उपलब्ध होणारा धातू. जस्त-लोहासाठी लिंडसे आणि नॉर्वेल यांनी १९७८ मध्ये रूढ केलेली डीटीपीए पद्धत कॅडमियम, शिसे यांसाठीही वापरतात. इथेच गाळाच्या कुलपाचा मुद्दा लागू होतो. ओला, काळा गाळ तसाच तपासला तर उपलब्ध कॅडमियम फसवे कमी दिसू शकते. तोच गाळ महिनाभर मोकळ्या हवेत, अधूनमधून पाणी शिंपडून, तपकिरी होऊ द्यावा आणि मग पुन्हा तपासावा. शेतात तो याच अवस्थेत जाणार आहे.

आकडे संशयास्पद असतील तर तो गाळ पालक, मेथी, कोथिंबीर यांच्या वाफ्यांत मुळीच नेऊ नये. पालेभाज्या कॅडमियम चटकन उचलतात. शिसे मुळातून फारसे वर चढत नाही, पण धुळीने पानांवर बसते आणि तसेच ताटात येते. अशा गाळाची जागा रस्त्याच्या भरावात किंवा विटांत असावी की आणखी कुठे, हे तपासणीच्या आकड्यांवरून ठरवावे. तलावातली जलपर्णी काढून तिचे खत करण्यापूर्वीही हाच विचार हवा, कारण ती पाण्यातले धातू अंगात साठवते आणि खताबरोबर परत करते.

यात गाळाच्या योजनेला विरोध नाही. खानदेशच्या हलक्या रानांना गाळ हवाच आहे आणि बहुतेक तलावांचा गाळ बिनधोक असतो. प्रश्न मोजक्याच, शहराला चिकटलेल्या तलावांचा आहे. तिथे तपासणीचा खर्च एका शेतकऱ्यावर टाकण्याऐवजी गाळ काढण्याच्या कामातच तो धरला, तर एका तलावामागे दहा-बारा नमुन्यांत प्रश्न मिटतो. तलावाच्या तळाशी वर्षानुवर्षे पाण्याने जे बांधून ठेवले आहे, ते सोडवायचे की नाही, याचा निर्णय डोळसपणे व्हावा. येत्या मे महिन्यात काठावर पोकलेन उभा राहण्यापूर्वी गावाने एवढेच विचारावे, ‘या गाळाचा रिपोर्ट कुठे आहे?’